पट्टीवर रेघ आली, पण बीज सुटले का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका गावात राहते. वय २९, लग्नाला तीन वर्षे झाली. गेले चौदा महिने आम्ही मुलासाठी प्रयत्न करीत आहोत. माझी पाळी कधीच वेळेवर येत नाही. वहीत लिहून ठेवलेली मागची सात अंतरे ४७, ३४, ४१, ३१, ३८, ५२ आणि ३६ दिवस अशी आहेत; त्यातल्या ४७ दिवसांच्या वेळी मी गौरी-गणपतीसाठी पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. पुण्याच्या नणंदेने ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज सुटणे, तपासायच्या पट्ट्या पाठवल्या. ३८ दिवसांच्या खेपेला पाकिटातल्या पाच पट्ट्या अकराव्या ते पंधराव्या दिवशी पहाटे वापरल्या, रोज दुसरी रेघ फिकी आली. पुढच्या खेपेला जास्त पट्ट्या मागवल्या, तेव्हा अठरा, एकोणीस आणि वीस या दिवशी दोन्ही रेघा सारख्या गडद आल्या आणि एकोणतीस-तीसला पुन्हा तशाच आल्या. पण पाळी ५२ दिवसांनी आलीच, आणि खूप अंगावर गेले. म्हणजे बीज दोनदा सुटले का? लग्नानंतर माझे वजन ५९ वरून ६८ किलो झाले आहे आणि हनुवटीवर केस येतात. एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करून ‘पीसीओडी’ सांगितले. मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत; रेघ आली की मी त्यांना रात्रपाळी सोडून या म्हणते आणि त्यावरून आमची भांडणे होतात. सासूबाई म्हणतात की यंदाही गणपतीच्या आधी गोळी घेऊन ठेव. घेऊ का?

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट पट्टी नसून वही आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींना मागच्या पाळीची तारीख विचारली की त्या ‘संकष्टीच्या आसपास’ किंवा ‘बाजारादिवशी’ असे सांगतात; तुम्ही सात अंतरे ओळीने लिहून पाठवलीत, त्यामुळे तुम्हाला न तपासताही बरेच काही सांगता येते. तुम्ही विचारता आहात ते ‘बीज कधी सुटते’ हे. पाळी इतकी मागेपुढे होत असेल, तर त्याच्या आधीचा प्रश्न ‘बीज सुटते का’ हा आहे, आणि त्याचे उत्तर ही पट्टी देऊच शकत नाही.

पट्टीला दिसते ते एवढेच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचे संप्रेरक स्रवते आणि बीजांडकोशातले फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणारी पाण्याची बारीक पिशवी, पुरेसे वाढले की एलएचची रक्तातली पातळी एकदम उसळते. त्या उसळीनंतर साधारण २४ ते ३६ तासांत फॉलिकल फुटून स्त्रीबीज बाहेर पडते. पट्टी लघवीतले हे एलएच मोजते. वरून हुकूम सुटला, एवढेच तिला कळते. तो हुकूम पाळला गेला की नाही, हे तिला कळत नाही. ज्यांची पाळी नियमित असते त्यांच्यात हुकूम बहुधा पाळला जातो, म्हणून त्यांना पट्टीचा उपयोग चांगला होतो. तुमच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही.

रेघ वाचण्यातही एक घोळ नेहमी होतो. गरोदरपणाच्या पट्टीवर वेळेत उमटलेली दुसरी रेघ फिकी असली तरी ती ‘हो’ समजतात, आणि त्याच सवयीने बायका ही पट्टीही वाचतात. ओव्ह्युलेशनच्या पट्टीचा नियम वेगळा आहे. एलएच शरीरात थोडेफार नेहमीच असते, म्हणून फिकी रेघ म्हणजे ‘नाही’. तपासणीची रेघ शेजारी नेहमी उमटणाऱ्या नियंत्रण रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच ‘हो’. पाकिटावर पाच किंवा दहा मिनिटे जी वेळ लिहिली असेल त्या वेळेतच निकाल पाहावा. पट्टी कपाटात ठेवून संध्याकाळी सगळे निजल्यावर पाहिली, तर वाळताना उमटलेली रेघही खरी वाटू लागते. पहाटेची लघवी यासाठी मुद्दाम लागत नाही. उसळी पुष्कळदा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला तिला काही तास लागतात, म्हणून सकाळी दहा ते रात्री आठ यांमधली एक वेळ ठरवून रोज तीच ठेवावी आणि त्याआधी दोन तास फार पाणी पिऊ नये. एकत्र कुटुंबात पहाटेचीच वेळ आडोशाची असते, हे मला कळते. पण दुपारी जेवणे उरकल्यावर घर थोडे निवांत असते, ती वेळ पाहा. पावसाळा तोंडावर आला आहे आणि तुमच्याकडे त्या दिवसांत कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, तेव्हा पट्टीचे पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा.

आता तुमच्या पाच पट्ट्यांचे काय झाले ते पाहू. क्युसाकू ओगिनो या जपानी डॉक्टरांनी १९२४ साली दाखवून दिले की बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजावा लागतो, कारण बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बराच ठरावीक, साधारण चौदा दिवसांचा असतो. कुणात तो दोन-तीन दिवसांनी कमीजास्त होतो, इतकेच. पाळी लांबते ती त्याच्या आधीचा काळ, म्हणजे बीज तयार होण्याचा काळ, लांबतो म्हणून. ३८ दिवसांच्या खेपेला बीज सुटलेच असेल तर ते चोविसाव्या दिवसाच्या आसपास सुटले असणार, आणि तुमची शेवटची पट्टी पंधराव्या दिवशीच संपली. म्हणजे त्या पाच ‘नाही’मधून काहीच सिद्ध होत नाही. अकराव्या दिवसापासून सुरू करा, हा सल्ला २८ दिवसांच्या पाळीचा आहे आणि इंटरनेटवर तो सरसकट सगळ्यांच्या माथी मारला जातो.

तुमचा हिशेब वेगळा करू. गोळीने लांबलेले ४७ दिवसांचे अंतर वगळा, कारण ती पाळी तुमच्या शरीराने ठरवलेली नव्हती. उरलेल्या सहांत सर्वांत लहान ३१ आणि सर्वांत मोठे ५२. लहानातून १७ वजा केले की चौदावा दिवस येतो, पट्टी तिथून सुरू करायची. मोठ्यातून १४ वजा केले की अडतिसावा दिवस येतो, पट्टी तिथपर्यंत चालू ठेवायची. मधल्या काळात ‘हो’ आले नाही, तर एका पाळीला पंचवीस पट्ट्या झाल्या! एवढा खर्च दर महिन्याला करावा असे मी कोणालाही सांगणार नाही. त्यापेक्षा अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या स्रावाकडे लक्ष ठेवा. बीज सुटण्याच्या आधीच्या दिवसांत तो पातळ, पारदर्शक आणि दोन बोटांत धरून ताणला तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार सुटेल असा होतो. तसा ओलावा जाणवू लागला की त्या दिवसापासून पट्टी रोज वापरा. स्रावाला दुर्गंधी, खाज किंवा दह्यासारखे कण असतील तर ते वेगळे दुखणे आहे आणि त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे. दिवस मोजताना पहिला दिवस तो, ज्या दिवशी लाल रक्त नीट अंगावर जायला लागते. आदल्या दिवशीचा डाग धरू नका.

तुमचा मुख्य प्रश्न ५२ दिवसांच्या खेपेचा आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. विसाव्या दिवसाच्या सुमारास बीज सुटले असते, तर पाळी पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास आली असती. तिसाव्या दिवशीच्या रेघेनंतर सुटले असते, तर पंचेचाळिसाव्या, फार तर सत्तेचाळिसाव्या दिवशी आली असती. ती आली ५२ दिवस भरल्यावर. म्हणजे त्या दोन्ही वेळी एलएच वाढले, पण बीज बहुधा सुटलेच नाही. पुढे अडतिसाव्या दिवसाच्या आसपास शरीराने आणखी एक प्रयत्न केला असेल आणि तो साधलाही असेल. किंवा त्या खेपेला बीज मुळीच सुटले नसेल आणि गर्भाशयाचे साचत गेलेले अस्तर शेवटी ढासळले असेल. तुम्हाला खूप अंगावर गेले, हे दुसऱ्या शक्यतेशी जुळते. खात्रीने यातले एक निवडायला त्या वेळची रक्ततपासणी हवी होती. मात्र एका पाळीत दहा दिवसांच्या अंतराने दोन बीजे सुटत नाहीत. जुळ्यांसाठी दोन सुटतात तीसुद्धा एकाच दिवसाच्या आत सुटतात.

पट्टीने अशी पुन्हा पुन्हा हुलकावणी देणे पीसीओएसमध्ये, म्हणजे संप्रेरकांच्या ज्या बिघाडाला आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात त्यात, नेहमी दिसते. अनेकींमध्ये एलएचची पातळी मुळातच चढी असते, त्यामुळे पट्टी कारण नसताना तीन-तीन, चार-चार दिवस ‘हो’ म्हणत राहते. सोनोग्राफीच्या कागदावरचे वर्णन वाचून ‘पिशवीला गाठी झाल्यात’ असे घरात बोलले जात असेल तर ते चूक आहे. पहिली गोष्ट, ते चित्र गर्भाशयाचे नसून बीजांडकोशाचे आहे; दुसरी गोष्ट, त्या गाठी नसून अर्धवट वाढून थांबलेली बारीक फॉलिकल्स आहेत आणि ती कापून काढायची नसतात. नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करूही नये. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरके वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीतले चित्र या तीनपैकी दोन गोष्टी लागतात. अनियमित पाळी आणि हनुवटीवरचे केस अशा दोन तुमच्यात दिसतात, पण शिक्का मारण्याआधी थायरॉइडसाठी टीएसएच आणि त्याबरोबर दूध आणणाऱ्या संप्रेरकाची, म्हणजे प्रोलॅक्टिनची, अशा रक्ताच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत, कारण त्या बिघाडांनीही पाळी अशीच लांबते आणि त्यांचे औषध अगदी वेगळे असते. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही.

बीज सुटल्याचा पुरावा हवा असेल तर रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजतात. बीज सुटल्यावर रिकामे झालेले फॉलिकल हे संप्रेरक बनवू लागते. मिलिलिटरमागे ३ नॅनोग्रॅमहून जास्त आढळले तर बीज सुटले असे धरतात. इथे एक सावधगिरी सांगते. चिठ्ठीवर सवयीने ‘एकविसाव्या दिवशी’ असे लिहिले जाते आणि तेही २८ दिवसांच्या पाळीचेच गणित आहे. तुमच्यासारखीने एकविसाव्या दिवशी रक्त दिले तर बीज सुटायच्या आधीच तपासणी होईल, आकडा कमी येईल आणि रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही रडत घरी जाल. ती तपासणी पुढच्या पाळीच्या अंदाजे सात दिवस आधी हवी. पाळीचा नेम नसेल तर पट्टी गडद आल्यापासून सात-आठ दिवसांनी रक्त द्यावे आणि नंतर पाळी कोणत्या तारखेला आली तेही कळवावे, म्हणजे डॉक्टरांना आकड्याचा अर्थ लावता येतो. रोज पहाटे अंथरुणातच तापमान मोजून नोंद ठेवण्याची पद्धतही आहे. बीज सुटल्यावर तापमान सेल्सिअस अंशाच्या दोन ते पाच दशांशाइतके चढते आणि चढलेले राहते. पण ते कळते बीज सुटून गेल्यावर, आणि ज्या घरात नवरा रात्रपाळीहून पहाटे येतो व सून धारेच्या वेळी उठते, तिथे ही पद्धत फार दिवस टिकत नाही, असाच माझा अनुभव आहे.

भांडणाविषयी आता. रेघ दिसली म्हणून माणसाला भट्टीवरून बोलावून आणायची गरज नाही. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकते हे खरे, पण पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, म्हणून ते आधीच पोहोचून वाट पाहत असलेले चांगले. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून केलेला आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात जितक्या गर्भधारणा झाल्या, त्या सगळ्या बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस या सहा दिवसांतल्या संबंधांतूनच झाल्या होत्या. तेव्हा रेघेची वाट पाहण्यापेक्षा पाळी थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी एकत्र आलात, तरी तो काळ आपोआप साधतो; एखादी रात्र कामावर गेली म्हणून महिना वाया जात नाही. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आणि त्याबरोबर त्यांची वीर्यतपासणीही करून घ्या, तीही आधी. चौदा महिन्यांत तुमची सोनोग्राफी झाली, गोळ्या झाल्या, पट्ट्या झाल्या. त्यांच्या तपासणीचा शब्दही पत्रात नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे मुळीच नवल वाटले नाही. ही तपासणी सोपी आणि इतर तपासण्यांच्या मानाने स्वस्त आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो; तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, त्यामुळे गावातून एस.टी.ने नेण्यापेक्षा बेळगावात प्रयोगशाळेतच दिलेला बरा. भट्टीजवळच्या सततच्या उष्णतेने पुरुषबीजांची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते, तंबाखूनेही होते, म्हणून ते काय काम करतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. रिपोर्ट कमी आला म्हणजे सगळे संपले असे नव्हे. पुरुषबीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे सवयींत बदल करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात.

पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने वर्षभर वाट पाहून तज्ज्ञाकडे जावे, असा सर्वसाधारण संकेत आहे, पण पाळी इतकी अनियमित असेल तर तेवढेही थांबायचे नसते. तुमचे तर वर्ष उलटून गेले आहे. जाताना वही न्या. सरकारी दवाखान्यात कन्नडातून ‘मुट्टु’ म्हणोत की मराठीतून ‘पाळी’, पहिला प्रश्न शेवटच्या तारखेचाच असतो. टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि साखर तपासून, वीर्याचा रिपोर्ट ठीक असेल तर बीज वाढवण्यासाठी डॉक्टर बहुधा लेट्रोझोलच्या गोळ्या पाच दिवस देतील आणि फॉलिकल किती वाढले ते सोनोग्राफीने पाहतील. ते साधारण १८ ते २२ मिलिमीटरचे झाले की बीज सुटायच्या बेताला आलेले असते. पट्टीने चाललेल्या अंदाजापेक्षा हा मार्ग तुमच्यासाठी सरळ आहे. पाकिटातल्या कागदावर हे औषध स्तनाच्या कर्करोगाचे आहे असे वाचून घाबरू नका. मूळ वापर तोच आहे. वंध्यत्वासाठी ते वापरायला भारतात २०११ साली बंदी आली होती आणि २०१७ साली ती उठवण्यात आली. मात्र मैत्रिणीच्या चिठ्ठीवर दुकानातून आणून घेण्याचे ते औषध नाही. त्याऐवजी क्लोमिफेन दिले गेले, तर शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस पट्टी वापरू नका, ती फसवते. बीज सुटण्यासाठी एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन दिल्यावर तर ओव्ह्युलेशनची आणि गरोदरपणाची अशा दोन्ही पट्ट्या काही दिवस खोटे ‘हो’ दाखवू शकतात.

वजनाबद्दल एकच सांगते. ५९ किलोवर परत जायला हवे, असा धाक मनात घेऊ नका. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन ते सात किलो, तरी पुष्कळ जणींमध्ये बीज पुन्हा सुटू लागते. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज आजपासून सुरू करा, दिवस राहण्याची वाट पाहू नका. तुम्हाला मधुमेह असेल किंवा तुम्ही फिटचे औषध घेत असाल, तर मात्रा आधी डॉक्टरांना विचारा. पाळी लांबली की दर वेळी गरोदरपणाची पट्टी लावून बसण्यापेक्षा शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी एकदाच लावा, तोवरचा ‘नाही’ भरवशाचा नसतो. ती ‘हो’ आली आणि पोटात एका बाजूला जोराने दुखू लागले किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी थांबू नका, बेळगाव गाठा. आणि तीन महिने उलटूनही पाळी आली नाही व दिवसही गेले नसतील, तर डॉक्टरांकडे जा, कारण अस्तर तसेच साचत राहणे गर्भाशयाला चांगले नसते.

राहिली गोळी. पाळी लांबवण्याच्या त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. तुम्ही मुलासाठी प्रयत्न करीत असताना ती घेऊ नका. गोळी सुरू करायच्या दिवशी पोटात गर्भ रुजू लागलेला असू शकतो आणि तुमच्या पाळीचा नेम नसल्याने ते कळायला मार्ग नसतो. शिवाय वहीत पुन्हा एक ४७ पडेल, ज्यातून मला किंवा तुमच्या डॉक्टरांना काहीच वाचता येणार नाही. गौरी घरात असताना पाळी आलीच, तर नैवेद्य जाऊबाई करतील. सासूबाईंना ‘डॉक्टरांनी गोळी बंद केली आहे’ एवढेच सांगा, आणि कोणत्या डॉक्टरांनी म्हणून विचारले तर हे पान पुढे ठेवा. त्यावर तुमचे नाव छापलेले नाही.